लेल्यांच्या कारखान्यातली गार हवा

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, तुम्ही वीजचोरी पकडायला आलात का?"

लोकांची त्यात काही चूक नव्हती. हातात चिमट्यासारख्या तोंडाचा मीटर, खांद्याला पिशवी, पायात सेफ्टी शूज, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, "मेन पॅनेल कुठे आहे?" डोंबिवली एमआयडीसीतल्या एका मसाला गिरणीच्या मालकांनी तर मला दारात पाहिल्याबरोबर मेन स्विच खाली ओढला आणि म्हणाले, "लाइट गेलीय." शेजारच्या गाळ्यातले दिवे चालू होते. मी म्हटलं, "काका, मी बँकेतून आलेय. कर्ज द्यायला." तर ते आणखीच घाबरले. "मी कुठे मागितलंय?" मिरचीच्या खकाण्यात शिंका देत मी त्यांना पाऊण तास योजना समजावली. कर्ज त्यांनी घेतलं नाहीच, पण निघताना गरम मसाल्याची एक पुडी माझ्या पिशवीत टाकायला आले. मी हात आडवा धरला, तर म्हणाले, "लाच नाही हो, सॅम्पल आहे."

मी वागळे इस्टेटमधल्या एका बँकेच्या लघुउद्योग शाखेत तांत्रिक अधिकारी होते. शाखेत बाकी सगळे ताळेबंद वाचणारे. मशीन वाचणारी मी एकटी. माझ्याकडे काम असायचं ते वीज वाचवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कर्जांचं. सरकारची इच्छा अशी, की छोट्या कारखान्यांनी जुनी, वीज खाणारी यंत्रं काढून कमी खाणारी बसवावीत. मालकांची इच्छा अशी, की फिरतंय तोवर फिरू द्यावं. या दोघांचं जमवून देणारी ती योजना. कर्ज बँक देणार, व्याजाचा काही भाग सरकार सोसणार. अट एवढीच, की वीज खरोखर वाचली हे मोजून दाखवायचं. यंत्र बदलण्याआधी एकदा मोजायचं, बदलल्यावर पुन्हा मोजायचं, आणि दोन्ही अहवालांवर सही माझी. बचत दिसली नाही तर सवलत गेली. दर काही वर्षांनी योजनेचं नाव बदलायचं, फॉर्मचा रंग बदलायचा. काम तेच.

माझे वडील मोहन्याला रेयॉनच्या कारखान्यात फिटर होते. चालू मोटरला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचे, मूठ कानावर टेकवायचे आणि बेअरिंग किती दिवस काढेल ते सांगायचे. मी कॉलेजात मीटर वापरायला शिकले. पण कारखान्यात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीही न बोलता नुसतं ऐकायचं, हे त्यांच्याकडून आलेलं. ती सवय किती उपयोगी पडते ते मला लेल्यांच्या कारखान्यात कळलं.

अनंतराव लेले नौपाड्यात राहायचे आणि त्यांचा रबराचा कारखाना आमच्या शाखेपासून चालत दहा मिनिटांवर. पंपांना, नळांना, मोटारींना लागणाऱ्या रबराच्या रिंगा आणि गास्केटं तिथे बनायची. आठ प्रेस होते. प्रेस म्हणजे वर-खाली दोन तापलेल्या जाड पाट्या आणि मधे लोखंडी साचा. कच्चं रबर साच्यात घालायचं, पाट्या मिटायच्या, काही मिनिटांनी उघडायच्या. शिजलेली रिंग साच्याला घट्ट चिकटलेली असते; नळीतून हवेचा फवारा मारला की ती अलगद सुटून येते. त्या फवाऱ्यासाठी कारखान्याच्या मागच्या बाजूला एक कॉम्प्रेसर असतो, हवा दाबून टाकीत भरणारा.

ही दाबलेली हवा म्हणजे माझ्या धंद्यातला सगळ्यांत मोठा विनोद आहे. लोकांना वाटतं हवा फुकट. पण ती दाबायला जी वीज लागते तिच्यातली बहुतेक नुसती उष्णता होऊन निघून जाते आणि थोडीशीच कामाला येते. कारखान्यातली सगळ्यांत महाग वस्तू कुठली, असं मला विचारलं तर मी हवेच्या नळीकडे बोट दाखवेन. लेल्यांचा कॉम्प्रेसर तर इतका जुना होता, की त्याच्या हवेबरोबर तेलाचे थेंब आणि पाणीही यायचं.

लेल्यांनी आयुष्यात कधी कर्ज घेतलं नव्हतं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, विजेची सगळी बिलं साल-महिनावार बांधून ठेवलेली. "वडील सांगायचे, उधारीवर मीठसुद्धा आणू नये," हे त्यांचं वाक्य मी पाच-सहा वेळा चहाबरोबर ऐकलं. सहाव्या वेळी मी त्यांच्याच बिलांचा गठ्ठा उघडला आणि म्हटलं, "सर, तुम्ही उधारी टाळताय, पण या कॉम्प्रेसरला दर महिन्याला पोसताय." त्यांनी गठ्ठा पुन्हा नीट बांधला आणि म्हणाले, "फॉर्म ठेवून जा."

जानेवारीत सकाळी दहा वाजता जाऊन मी मोजणी केली. जेवढी गरज तेवढाच वेग घेणारा नवा कॉम्प्रेसर मंजूर झाला, सोबत हवा कोरडी करणारं यंत्र. नारळ फुटला, पेढे वाटले. मार्चचं बिल बघून लेले स्वतः शाखेत येऊन माझे आभार मानून गेले. आमचे शाखाधिकारी देशमुख साहेब खूश. कारण इस्टेटमधले चार-पाच मालक लेल्यांकडे डोळे लावून बसले होते. लेल्यांचं जमलं तर आपण, असा हिशोब.

एप्रिलचं बिल थोडं चढलं. मेचं बिल आलं तेव्हा बचत पार नाहीशी झालेली होती.

लेले पुन्हा शाखेत आले. समोर बसले, दोन्ही बिलं माझ्यापुढे सरळ लावून ठेवली. "कांबळे मॅडम, मी रागावलेलो नाही. मला फक्त समजावून सांगा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. माल तेवढाच निघाला होता, पाळ्या तेवढ्याच होत्या, कंपनीचा माणूस येऊन कॉम्प्रेसर ठणठणीत असल्याचं सांगून गेला होता. ते गेल्यावर देशमुख साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "जुलैअखेर तुमचा दुसरा अहवाल जायचाय. हा पडला तर पुढच्या चार फाइली मी कुठल्या तोंडाने पाठवू?" मी म्हटलं, "कुठेतरी गळती असणार, सर. शोधते."

गळती शोधायची ती कारखान्याला सुट्टी असताना. सगळं बंद, टाकी भरून घ्यायची, कॉम्प्रेसर थांबवायचा आणि प्रेशरच्या काट्याकडे बघत बसायचं. पाइपात भोक असेल तर काटा उतरत जातो. सुट्टीच्या दिवशी मी आणि वॉचमन स्टुलावर बसून काटा बघत होतो. तासाभरात तो जेमतेम हलला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, हा पण आज सुट्टीवर आहे." पाइप चांगले होते. म्हणजे हवा जात होती ती काम चालू असताना, आणि कोणीतरी वापरत होतं.

दोन दिवसांनी मी न कळवता गेले, दुपारी दोन वाजता. शॉपचं, म्हणजे प्रेस असलेल्या दालनाचं, दार ढकललं आणि सवयीप्रमाणे ऐकत उभी राहिले. आत शिरताना एक आवाज होता, सापाच्या फुत्कारासारखा, पण लांबलचक आणि सगळीकडून येणारा. मी दोन पावलं टाकली आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विझत गेला. मग नुसता प्रेसचा खटका ऐकू येऊ लागला. आठही ऑपरेटर माना खाली घालून काम करत होते. इतकी शिस्त मी कुठल्याच कारखान्यात पाहिलेली नाही.

प्रेसच्या पाठीला लागूनच रिंगांच्या कडा कातरणाऱ्या बायकांचं टेबल होतं, तिथे मी जाऊन बसले. त्यांच्यात सुमनताई म्हणून ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या एक होत्या. हातातली कात्री न थांबवता त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी आलात का आमची हवा बंद होते."

"कसली हवा?"

"गार हवा. आता बसा पाच मिनटं, घाम आला का कळंल."

पाच मिनिटंही लागली नाहीत. जानेवारीच्या सकाळी मला ही जागा चांगली उबदार वाटली होती. आता सोळा तापलेल्या पाट्यांची धग, वर ठेंगणा पोटमाळा, आणि वारा म्हणून काही नाही. मी सुमनताईंना विचारलं, "पंखे नाहीत?"

"होते दोन. बंद पडले. शेट म्हनाले, आदी वीज वाचवायचीये."

तेवढ्यात चार नंबरच्या प्रेसवरचे बाळाराम म्हात्रे हात पुसत आले. दिवा स्टेशनच्या बाजूला राहणारे, कारखान्यातले सगळ्यांत जुने ऑपरेटर. मला गार हवेचं कळलंय हे पाहून त्यांनीच ठरवलं असावं. "चला मॅडम, दाखवतो," म्हणाले.

प्रेसच्या वर, डोक्यापासून हातभर उंचीवर तांब्याची एक बारीक नळी बसवलेली होती. तिला खालच्या बाजूने सुईएवढी भोकं, एका रांगेत, अगदी सारख्या अंतरावर. टोकाला छोटा कॉक. बाळारामांनी तो उघडला आणि माझ्या कपाळावर, मानेवर गार, कोरडी हवा आली. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

"आठी प्रेसला हाय," ते म्हणाले. "मीच केल्यान."

"आधीपासून?"

"नाय. आदी एकदोघं नळी तोंडावर मारून घ्यायचे. पन त्या जुन्या मशीनच्या हवेत तेल यायचा, कपरे खराब व्हायचे. तुमी नवीन आनलात ना, तिची हवा एकदम साफ. मंग मी बोललो, आता सगल्यांनाच करू."

मी स्टुलावर बसले. कोरडी, स्वच्छ हवा देणारं यंत्र मीच मंजूर केलं होतं. म्हणजे लेल्यांची बचत खाणारी योजनाही माझीच होती, बाळारामांनी फक्त नळ्या टाकल्या होत्या. आणि काय सुबक टाकल्या होत्या. एक सांधा गळत नव्हता, म्हणून तर सुट्टीच्या दिवशी काटा हलला नाही.

लेल्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे चोरी. माझ्या कारखान्यात, माझ्याच माणसाने. मी म्हात्रेला आज काढतो."

त्या वाक्यानं मला डोंबिवलीतला एक जुना अहवाल आठवला. कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यात कोळशाच्या बॉयलरऐवजी गॅसवरचा बसवायचा होता. चांगली केस होती, भरपूर इंधन वाचलं. त्या अहवालात फायद्यांच्या यादीत मी एक ओळ लिहिली होती, 'मनुष्यबळातही बचत'. ती ओळ म्हणजे कोळसा टाकणारी तीन माणसं. वर्षभराने त्यांतले एक मला कल्याणच्या भाजी मार्केटजवळ हमाली करताना भेटले. त्यांनीच ओळखलं, "मॅडम, बॉयलर चांगला चाललाय ना?" असं आपुलकीने विचारलं. त्यानंतर ती ओळ मी कुठल्याच अहवालात लिहिली नाही, पण ती लिहिली गेली होती ती गेलीच.

मी लेल्यांना म्हटलं, "सर, काढायचं ते उद्या काढा. आज माझं एक काम करा. चार नंबरच्या प्रेसपाशी वीस मिनिटं उभे राहा. नळी बंद ठेवून."

"त्याने काय होणार?"

"माझा अहवाल पुरा होईल. मी जानेवारीत सकाळी मोजलं, ती माझी चूक झाली. मेमधली दुपार मी मोजलीच नाही."

ते नियमाचे माणूस होते. अहवाल अपुरा आहे म्हटल्यावर उठले. घड्याळ बघून प्रेसपाशी उभे राहिले. बाळाराम बाजूला झाले नाहीत. प्रेस थांबवता येत नाही, रबर जळतं. पाट्या उघडल्या की धग दोघांच्याही तोंडावर येत होती. साधारण आठव्या मिनिटाला लेल्यांनी खिशातली पेनं काढून टेबलावर ठेवली. बाराव्या मिनिटाला वरचं बटण उघडलं. सतराव्या मिनिटाला बाळारामांनी हात पुढे केला आणि न विचारता कॉक उघडला. लेले त्या नळीखाली डोळे मिटून उभे राहिले. वीस मिनिटं झाल्यावरही हलले नाहीत.

केबिनमध्ये परत आल्यावर ते दोन ग्लास पाणी प्यायले. "वडिलांच्या वेळी मी स्वतः प्रेस चालवलेत हो," म्हणाले. "तेव्हा इथे छप्पर उंच होतं. मी पोटमाळा टाकला आणि विसरलो." मग म्हणाले, "सांगा आता काय करायचं."

खरं दुखणं वेगळंच होतं. प्रेसच्या पाट्या सगळ्या बाजूंनी उघड्या होत्या. त्यांची धग रबर शिजवायच्या ऐवजी माणसं शिजवत होती, आणि माणसांना गार करायला सगळ्यांत महाग हवा वापरली जात होती. म्हणजे वीज दोनदा जळत होती. पाट्यांना कडेने उष्णता कोंडणारी जाकिटं घातली तर हीटरची वीज वाचेल आणि शॉप निवेल. ती जाकिटं योजनेत बसत होती. वरचा वारा मात्र पंख्यांनीच यायला हवा होता. आठ पंखे मिळूनही त्या नळ्यांच्या तुलनेत नगण्य वीज खातात, आणि पंखे योजनेत बसत नव्हते.

योजनेच्या मुंबई कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, पंखा ही कर्मचाऱ्यांच्या सोयीची वस्तू आहे. आमच्या यादीत कलम नाही." मी दोन दिवस खपून टिपण लिहिलं. त्यात पंखा हा शब्द कुठेही नव्हता. 'दाबलेल्या हवेच्या अनुत्पादक वापरास पर्यायी वायुवीजन व्यवस्था' असं होतं. देशमुख साहेबांनी सही करण्याआधी ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे पंखेच ना?"

"हो सर."

"मग ठीक आहे. मला वाटलं काहीतरी भलतंच घेताय." आणि सही केली. टिपण मंजूर होऊन आलं.

आणखी एक काम राहिलं होतं. लेल्यांनी बाळारामांना केबिनमध्ये बोलावलं. काढणार, अशी शॉपमध्ये कुजबुज होती. सुमनताई दाराशी येऊन थांबल्या होत्या. लेले म्हणाले, "म्हात्रे, त्या नळ्यांना भोकं इतकी सरळ रांगेत कशी पाडलीत? आपल्या जाकिटांचं माप घ्यायला बाहेरचा माणूस बोलवायचाय. तुम्ही घ्याल का?"

बाळारामांनी मापं घेतली. तांब्याच्या आठ नळ्या त्यांनी स्वतःच उतरवल्या, पण पंखे सुरू करून, सगळ्या बायकांना विचारून मगच. सुमनताईंनी त्यांच्या टेबलाकडे एक पंखा जादा वळवून घेतला. जुलैच्या अहवालाला मी मुदतवाढ मागितली आणि पुढच्या मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पुन्हा मोजलं. बचत मी पहिल्या अहवालात धरली होती त्याहून जास्त निघाली. मुंबईचे साहेब तपासणीला आले, शॉपमध्ये फिरले, आणि निघताना यादीत नसलेल्या पंख्याखाली बराच वेळ रेंगाळले.

त्या वर्षी इस्टेटमधल्या कारखानदारांनी वीजबचतीवर एक सभा ठेवली. लेल्यांना बोलायला बोलावलं होतं. ते व्यासपीठावर गेले आणि म्हणाले, "मी या विषयातला माणूस नाही," आणि पहिल्या रांगेतून बाळारामांना वर बोलावलं. बाळाराम इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माइक हातात घ्यायला तयार नव्हते, पण एकदा घेतल्यावर सोडेनात. नळी, कॉक, मॅडम, पंखे, सगळं सांगितलं. मी तोंडावर रुमाल धरून बसले होते. हॉल खूश होता.

मागून एका मालकाने थट्टेत विचारलं, "म्हात्रे, एवढी वीज वाचवलीत, मालकांनी पगार वाढवला की नाही?"

बाळारामांनी लेल्यांकडे बघितलं. "नाय," म्हणाले. "पन आता तुमी इचारलंच हाय, तर शेटनीच सांगावं."

सगळा हॉल लेल्यांकडे वळला. लेल्यांनी खिशातली पेनं जरा सारखी केली आणि मग समोर बसलेल्या माझ्याकडे वाकून, पण माइक चालू आहे हे विसरून, विचारलं, "कांबळे मॅडम, याला कुठली योजना आहे का?"

"नाही सर," मी म्हटलं. "हे स्वतःच्या खिशातून."

दिवाळीच्या आधी आठही प्रेसवाल्यांना आणि कातरणाऱ्या बायकांना पगारवाढ मिळाली. सुमनताईंनी शाखेत येऊन मला करंज्या दिल्या. या वेळी मी हात आडवा धरला नाही.